जखमेवरचे लेख शोधताना

सर्च बॉक्समध्ये नुसतं ‘वूंड केअर’ टाकू नकोस. ढीगभर लेख येतील, कामाचे हाताला लागणार नाहीत. आधी कागदावर प्रश्न लिही: पेशंट कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, फरक कशात मोजायचा. उदाहरणार्थ डायबेटिक फूट अल्सर (मधुमेहामुळे पायाला झालेली जखम) असलेला पेशंट, मधाचं ड्रेसिंग, सलाइन गॉझ, जखम भरायला लागलेले दिवस.

मग शब्द. बेडसोरला 2016 पासून अमेरिकेत ‘प्रेशर इंजुरी’ म्हणतात. जुने लेख ‘प्रेशर अल्सर’ नाहीतर ‘डिक्युबिटस’खाली सापडतात. तिन्ही इंग्रजीत टाइप कर, मध्ये ‘ऑर’, जोडशब्द अवतरणचिन्हांत आणि सगळ्यांभोवती एक कंस. मग ड्रेसिंगचे शब्द ‘अँड’ने जोड. कंस राहिला तर बऱ्याच डेटाबेसांत ‘अँड’ची अट एकाच शब्दाला लागते आणि भलतेच लेख घुसतात. ‘हील’पुढे तारा (*) लावलास, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मागितलेस, तर ‘हेल्थ’सुद्धा येतं, कारण इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं तीच. त्यापेक्षा ‘हीलिंग’ पूर्ण लिही.

‘फ्री फुल टेक्स्ट’वर सुरुवातीला अजिबात टिक करू नकोस, महत्त्वाचे लेख तिथेच गळतात. सारांश वाचून निवड, मग पूर्ण लेखासाठी ग्रंथपालांना गाठ.

कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर कोल्हापुरात राहूनही शिवाजी विद्यापीठाच्या लॉगिनवर विसंबू नकोस. आपल्याच ग्रंथालयात सिनाल (CINAHL, नर्सिंगच्या लेखांचा डेटाबेस) आहे का विचार. नसेल तर पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस मोफत आहे. तिथे खातं उघडून शोध सेव्ह कर, नवीन लेखांची सूचना मेलवर येत राहील.