जळगावात फ्लॅट भाड्याने देतोय, 11 महिन्यांचा नोटरी करारनामा पुरेल का?

नाही भाऊ, नोटरी पुरत नाही, लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) रजिस्टरच करावं लागतं, मग 11 महिने असो की 5. 11 महिन्यांची पळवाट (वर्षाच्या आतल्या भाडेकराराला नोंदणी सक्तीची नाही) केंद्राच्या नोंदणी कायद्यातली आहे, आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 लागतं आणि त्यात नोंदणीची जबाबदारी सरळ मालकावर टाकलीय, नाही केली तर 5000 पर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खरी गोची पुढे आहे, वाद झाला की भाडं-डिपॉझिटबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरतात, खोटं पाडायचं काम तुमचं. माझे भुसावळला दोन फ्लॅट आहेत, भाडेकरू जास्त करून रेल्वेवाले, बदली झाली की नवा माणूस, तरी दरवेळी नवं ऑनलाइन रजिस्ट्रेशन करतो. खर्च फार नाही:
- स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर 10% व्याज धरून तेही त्यात मिळवतात)
- नोंदणी फी शहरात 1000, खेड्यात 500

मुदत संपूनही राहिला तर त्याच भाडे कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) जाता येतं, दुप्पट भाडंही मागता येतं. पण हे फक्त राहत्या घराला, गाळा दिला असेल तर कोर्टाचीच वाट.