नोकरी सांभाळून एनजीओ मॅनेजमेंटची डिग्री: आधी टेबलाची बाजू ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वय 38, पुण्यात आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर, दोनतीन वर्षांत सामाजिक क्षेत्रात पूर्णवेळ यायचंय, होमलोन चालू असल्यामुळे नोकरी आत्ता सोडता येत नाही, तर मास्टर्स कुठून करावं आणि अमेरिकेतलं ऑनलाइन घ्यावं का.

इथे बऱ्याच जणांनी डोळे झाकून टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सांगितलंय. टिस चांगलंच आहे, 1936 पासूनची संस्था, वादच नाही, पण तिथलं सोशल आंत्रप्रनरशिपचं एमए म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ मुंबई. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, आणंदची ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी इर्मा, सगळीकडे तीच गत, नोकरी सोडूनच जावं लागतं. तुमच्यासारख्याला बसेल असा म्हणजे अंधेरीच्या भवन्स कॅम्पसमधल्या एस. पी. जैनचा डेव्हलपमेंट मॅनेजमेंटचा कोर्स, जो मॉड्यूलर आहे, म्हणजे अधूनमधून सलग काही दिवस वर्ग आणि मधल्या काळात आपापलं काम. पण तो आखलाय मुळात संस्थांमध्ये आधीपासून काम करणाऱ्यांसाठी, हे लक्षात ठेवा. खिसा हलका असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) दूरस्थ आहे, फक्त त्यात फील्डवर्क असतं, ते कागदोपत्री उरकू नका.

अमेरिकेचं विचारलंत म्हणून सांगतो. इंडियानापोलिसला इंडियाना युनिव्हर्सिटीचं लिली फॅमिली स्कूल आहे, 1987 मध्ये सेंटर म्हणून सुरू झालं, 2012 मध्ये त्याचं फिलँथ्रॉपीचं, म्हणजे दानकार्याचं, स्वतंत्र स्कूल झालं, जगातलं अशा प्रकारचं पहिलं. तिथलं एमए ऑनलाइनही करता येतं. देणगी का दिली जाते, एन्डावमेंट (ज्याच्या व्याजावर संस्था चालते तो कायमचा निधी) कसा चालतो, मोठ्या देणगीदाराशी नातं कसं जपायचं, हे ते फार मन लावून शिकवतात. पण कायदा आणि कर सगळा तिकडचा. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिकडून इकडे मदत पाठवणाऱ्या संस्थेत किंवा एखाद्या आंतरराष्ट्रीय फाउंडेशनमध्ये जायचं असेल तर घ्या, बीडच्या संस्थेत बसायचं असेल तर ती डॉलरमधली फी वसूल होणार नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही पैसे देणाऱ्याच्या बाजूला बसणार का मागणाऱ्याच्या? कोणी हे आधी विचारतच नाही आणि कोर्स मात्र त्यावरच ठरतो.

देणाऱ्याची बाजू म्हणजे सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने करायचा सामाजिक खर्च) किंवा फाउंडेशन. कंपनी कायद्याचं कलम 135, 1 एप्रिल 2014 पासून लागू: नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. इथे तुमचा प्रोजेक्ट मॅनेजरचा अनुभव जवळपास जसाच्या तसा चालतो, माइलस्टोन, रिपोर्टिंग, डॅशबोर्ड वगैरे, आणि पगारही फार पडत नाही. यासाठी डिग्रीपेक्षा नावाजलेल्या ठिकाणचं छोटं सर्टिफिकेट आणि ओळखी जास्त कामाला येतात, स्पष्टच बोलतो.

मागणाऱ्याची बाजू वेगळी. आमच्या संस्थेत दर मार्चला एक एक्सेल शीट उघडते, त्यात अकाउंटंटच्या पगाराची एकच ओळ असते आणि ती तीन डोनरमध्ये वाटायची असते. मुलींच्या शाळेच्या प्रोजेक्टला थोडा, पाणलोटवाल्याला थोडा, उरलेला कोणीच घ्यायला तयार नसतो. डोनरला शाळेचा फळा दिसतो, बिलं लावणारा माणूस दिसत नाही. त्यात गंमत म्हणजे सीएसआर नियमांमधली प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चासाठी आहे, पण समोरचा सीएसआर मॅनेजर ती बिनदिक्कत संस्थेवर लावतो, आणि आपण कायदा दाखवला तर पुढच्या वर्षीचं फंडिंग जाईल म्हणून संस्थावाले गप्प बसतात. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आला. 2020 च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे द्यायला बंदी घातली आणि पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा असं केलं. मोठ्या संस्थेमार्फत ज्या गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना पैसा मिळायचा त्यांचा तो नळच बंद झाला. स्ट्रॅटेजीची पीपीटी कितीही छान असली तरी या गोष्टी माहीत नसतील तर पहिल्याच बजेटला दांडी गुल.

वर आपल्याकडचं धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहेच. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज टाकायचा. तो वेळेत नाही टाकला आणि मग दोन गटांत भांडण लागलं की खरा विश्वस्त कोण यावरच वर्षं जातात, आणि तोपर्यंत बँक सह्या मान्य करत नाही. सोबत 80जी (देणगीदाराची करसवलत) आणि 12एबी (संस्थेची करसवलत) यांच्या नोंदणीचं नूतनीकरण, 31 मे पर्यंत 10बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायची देणगीदारांची यादी. कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गात हे जेमतेम एका लेक्चरमध्ये आटपतात, सीए बघेल म्हणून. सीए नाही बघत, तो मे महिन्यात फोन करून तुमच्याकडेच यादी मागतो.

म्हणून माझा सल्ला, फी भरायच्या आधी जवळच्या एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेत शनिवारी जा आणि "मी तुम्हाला ॲप बनवून देतो" असं अजिबात म्हणू नका, संस्थांकडे अशी अर्धवट ॲप्स पडलेली असतात. अकाउंटंटशेजारी बसा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट वाचा, देणगीदारांची यादी पॅन नंबरसकट नीट लावून द्या. आयटीवाल्याला ते काम एका दुपारचं, त्यांना महिन्याचं. वर्षभर हे जमलं आणि तरीही यायचंच असं वाटलं तर मॉड्यूलर कोर्सला अर्ज करा, तेव्हा वर्गात विचारायला तुमच्याकडे खरे प्रश्न असतील, आणि प्रवेशाच्या मुलाखतीतही फरक पडतो कारण तिथे आयटीतून कंटाळून आलेले खूप असतात.

अर्ज करताना त्या कोर्सच्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांना तरी फोन लावा, ॲडमिशन ऑफिसने दिलेले नंबर नकोत, लिंक्डइनवरून स्वतः शोधा. फंड अकाउंटिंग (प्रत्येक देणगीचा वेगळा हिशोब ठेवणं) आणि कायद्याला किती तास होते, आणि त्यांच्या बॅचमधले किती जण आज खरंच संस्थांत आहेत, एवढंच विचारा. प्लेसमेंट ब्रोशरमध्ये कन्सल्टिंग कंपन्यांचे लोगो जास्त दिसले तर तो कोर्स देणाऱ्याच्या बाजूचा आहे असं धरून चाला. फॉर्मच्या तारखा आणि फी दरवर्षी बदलते, ती त्यांच्या साइटवरच बघा.