गेम दूरच्या सर्व्हरवर, नाका मात्र आपल्या फोनवर

क्लाउड गेमिंग, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम आपल्या फोनवर खेळणे, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता: फोन आपला, वर्गणी आपण भरलेली, तरीही काय खेळायचे आणि कोणत्या वाटेने खेळायचे हे तिसराच कोणी का ठरवतो?

प्रश्न : एका क्लाउड गेमिंग सेवेची वर्गणी मी भरली आहे. माझ्या भावाच्या अँड्रॉइड फोनवर त्या सेवेचे अ‍ॅप आहे. माझ्या आयफोनवर मात्र तीच सेवा सफारी या ब्राउझरमध्ये उघडून, त्या पानाचे चिन्ह होम स्क्रीनवर ठेवून वापरावी लागते. आयफोनला हे काम झेपत नाही का?

उत्तर : झेपण्याचा प्रश्न नाही. या प्रकारात गेम आपल्या फोनवर चालतच नाही. तो चालतो सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. तिथे तयार झालेले प्रत्येक चित्र लगोलग व्हिडिओच्या रूपात फोनकडे रवाना होते, फोन ते उलगडून पडद्यावर दाखवतो, आणि आपण बटण दाबले की तेवढीच खबर उलट दिशेने सर्व्हरकडे जाते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, त्यामुळे नेटवर्क संथ असेल तर खेळाची लय बिघडते. पण व्हिडिओ उलगडण्याचे काम कोणताही बरा फोन कित्येक वर्षांपासून करत आला आहे. आयफोनच्या आयओएस १३ या प्रणालीपासून, म्हणजे २०१९ पासून, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ४ यांचे कंट्रोलरही आयफोनला थेट जोडता येतात. तेव्हा अडचण यंत्रात नव्हती, नियमांत होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सक्लाउड सेवेची आयफोनवरील चाचणी सुरू केली. अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीसाठीच्या सोयीतून ती होत असल्यामुळे परीक्षकांची संख्या १०,००० पलीकडे जाऊ शकत नव्हती, आणि खेळायला गेम होता एकच. ऑगस्टमध्ये ही चाचणी गुंडाळली गेली. सप्टेंबरच्या १५ तारखेला ही सेवा २२ देशांत, दीडशेहून अधिक गेम्ससह सुरू झाली, ती फक्त अँड्रॉइडवर. त्याच्या चारच दिवस आधी अ‍ॅपलने आपले नियम सुधारून जाहीर केले होते. वरवर पाहता त्यांत स्ट्रीमिंगला परवानगी होती, परंतु अट अशी की प्रत्येक गेम स्वतंत्र अ‍ॅप म्हणून सादर करावा, त्याची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि अ‍ॅप स्टोअरमध्ये त्याचे स्वतंत्र पान असावे. सेवेच्या मुख्य अ‍ॅपला या पानांची यादी तेवढी दाखवता येईल. ज्या सेवेचा सगळा अर्थच ‘एक दार उघडा आणि हवे ते खेळा’ असा, तिला दीडशे दारे बसवायला सांगण्यासारखेच ते होते.

मग सगळ्यांनीच ब्राउझरची वाट धरली. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या अ‍ॅमेझॉनच्या ल्यूना सेवेने आयफोनसाठी पहिल्यापासून वेबचाच मार्ग निवडला. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ नोव्हेंबर २०२० मध्ये आणि गूगलची स्टेडिया डिसेंबरमध्ये सफारीत आली, आणि मायक्रोसॉफ्टची सेवा २०२१ च्या मध्यावर सर्व वर्गणीदारांना ब्राउझरमधून खुली झाली. आपल्या होम स्क्रीनवरचे ते चिन्ह म्हणजे त्या आडवाटेची खूण आहे.

प्रश्न : प्रत्येक गेम तपासण्याचा आग्रह ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी असेल, तर त्यात वाईट काय? मला दोन लहान मुले आहेत आणि कोणीतरी आधी तपासून मगच गेम त्यांच्या हाती पडावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उत्तर : आपली भावना रास्त आहे आणि अ‍ॅपलने २०२० मध्ये मांडलेली बाजूही नेमकी हीच होती: प्रत्येक गेम तपासला जावा, तो शोधात आणि क्रमवारीत दिसावा, त्याविषयी ग्राहकांना मत नोंदवता यावे आणि पालकांना त्यावर नियंत्रण ठेवता यावे. नेटफ्लिक्सवरचा प्रत्येक चित्रपट आपण तपासत नाही, मग गेमच का, या आक्षेपावर उत्तर असे की चित्रपट नुसता पाहायचा असतो, गेम मात्र आपल्या कृतीला प्रतिसाद देतो. या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. गेममध्ये अनोळखी माणसांशी बोलणे होते, खेळता खेळता पैसे खर्च होतात, आणि लहान मुलाच्या दृष्टीने चित्रपट पाहण्यापेक्षा हे प्रकरण निश्चितच अधिक गुंतागुंतीचे असते.

परंतु अ‍ॅप तपासण्याची पद्धत मुळात का जन्माला आली, हे लक्षात घ्यायला हवे. जुलै २००८ मध्ये ५०० अ‍ॅप्ससह अ‍ॅप स्टोअर उघडले तेव्हापासूनचा मुख्य धोका असा की परक्याने लिहिलेला प्रोग्राम आपल्या फोनवर चालतो आणि तो आपली छायाचित्रे, संपर्कयादी, आपण कुठे आहोत ही माहिती यांपर्यंत पोहोचू शकतो. स्ट्रीमिंगमध्ये गेमचा प्रोग्राम फोनवर येतच नाही. येतात ती चित्रे आणि आवाज. म्हणजे तपासणीचे सर्वांत भक्कम कारण जिथे सर्वांत लंगडे पडते, नेमक्या त्याच ठिकाणी तपासणी सर्वांत कडक होती.

याहून बोलकी गोष्ट दुसरीच आहे. घरातल्या स्वतःच्या संगणकावर चालणारा गेम फोनवर दाखवणारे व्हाल्व्ह कंपनीचे स्टीम लिंक हे अ‍ॅप मे २०१८ मध्ये नाकारले गेले, पण वर्षभराने, मे २०१९ मध्ये, ते स्वीकारले गेले. त्याआधी मार्च २०१९ मध्ये घरातल्या प्लेस्टेशन ४ वरचा गेम आयफोनवर खेळण्याची सोय सोनीच्या अ‍ॅपने दिली होती. तीच चित्रे, तीच बटणे, तेच हिंसक किंवा निरागस गेम; फरक एवढाच की गेम चालवणारे यंत्र तुमच्या बैठकीच्या खोलीत आहे की कंपनीच्या इमारतीत. मुलांच्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. तो कळतो हिशेबाच्या वहीला, कारण दुसऱ्या प्रकारात दरमहा वर्गणी गोळा होते आणि ती नेमकी कोणत्या नाक्यावरून जाते हा प्रश्न उपस्थित होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अ‍ॅपलने आर्केड ही आपली स्वतःची वर्गणीची गेमसेवा सुरू केली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो. हेतूंविषयी अंदाज बांधण्याची मला हौस नाही. नियमाचा फायदा कोणाला झाला, एवढे पाहिले तरी पुरते.

मुलांसाठी म्हणाल तर आयफोनच्या सेटिंग्जमधल्या स्क्रीन टाइम या सोयीतून वेबसाइटवर बंधने घालता येतात आणि मोठ्या गेमसेवांच्या खात्यांतही वयोगटाची मर्यादा ठेवता येते. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि स्टोअरमधल्या तपासनिसावर भिस्त ठेवण्यापेक्षा त्या अधिक कामाच्या आहेत.

प्रश्न : नियम बदलले आणि आता एकाच अ‍ॅपमधून सगळे गेम देता येतात, असे ऐकले. मग वाद संपला म्हणायचा का?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. २५ जानेवारी २०२४ रोजी अ‍ॅपलने जाहीर केले की स्ट्रीमिंग सेवांना संपूर्ण गेमसंग्रह एकाच अ‍ॅपमध्ये देता येईल. ही मुभा केवळ युरोपपुरती नसून जगभर होती. अ‍ॅपमध्ये ज्या गेमचे वयाचे मानांकन सर्वांत वरचे असेल, तेच मानांकन संपूर्ण अ‍ॅपला लागू राहील, अशी अट घातली गेली, आणि ती मला वाजवी वाटते. २०२० मध्येही हीच तोड काढता आली असती. त्यानंतर जुन्या आर्केड गेम्सची अँटस्ट्रीम ही सेवा त्याच वर्षी अ‍ॅप स्टोअरवर आलीही.

मोठ्या सेवांची रांग मात्र लागली नाही, आणि त्याचे कारण पैशात आहे. अ‍ॅपमध्ये होणाऱ्या डिजिटल विक्रीवरचे अ‍ॅपलचे कमिशन मुळात ३० टक्के. वर्गणीच्या बाबतीत एका वर्षानंतर ते १५ टक्क्यांवर येते, आणि वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या छोट्या विकसकांना २०२१ पासून १५ टक्केच लागते. क्लाउड गेमिंगच्या कंपन्यांना ही छोट्यांची सवलत काय कामाची? त्यांना प्रत्येक खेळाडूमागे महागडा सर्व्हर प्रत्यक्ष चालवावा लागतो, गेमच्या मालकांना त्यांचा वाटा द्यावा लागतो, आणि उरलेल्यातून तीस टक्के काढून दिले तर हाती काय राहते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मायक्रोसॉफ्टने ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणासमोर मांडलेली तक्रार याच स्वरूपाची होती. त्या प्राधिकरणाने मार्च २०२५ च्या अंतिम निर्णयात, अ‍ॅपलने नियम बदलल्यामुळे क्लाउड गेमिंगपुरता आपला आक्षेप उरलेला नाही, असे म्हटले. कागदावर ते बरोबर असेल. माझ्या मते मात्र दार उघडले गेले आणि नाका होता तिथेच राहिला.

या नाक्याविरुद्धची मोठी लढाई अमेरिकेत दुसऱ्याच खटल्यात लढली गेली. एपिक गेम्सने आपल्या फोर्टनाइट या गेममध्ये पैसे भरण्याची स्वतःची सोय घातली, म्हणून १३ ऑगस्ट २०२० रोजी तो अ‍ॅप स्टोअरमधून काढला गेला आणि एपिक त्याच दिवशी न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२१ च्या निकालात बहुतेक मुद्द्यांवर अ‍ॅपलची सरशी झाली. मात्र पैसे भरण्याचा बाहेरचा मार्ग ग्राहकांना दाखवण्यापासून विकसकांना अडवू नये, असा आदेश न्यायमूर्ती इव्हॉन गोन्झालेस रॉजर्स यांनी दिला. तो अमलात आणताना अ‍ॅपलने बाहेरच्या खरेदीवरही २७ टक्के कमिशन लावले, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा आदेशाचा अवमान ठरवला. पुढच्याच महिन्यात फोर्टनाइट अमेरिकेतल्या अ‍ॅप स्टोअरवर परतला. गंमत अशी की हा हद्दपार गेम मे २०२२ पासूनच लोक आयफोनवर खेळत होते, तोही फुकट, कारण जीफोर्स नाऊ आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स या दोन्ही सेवा तो ब्राउझरमधून देत होत्या.

प्रश्न : ब्राउझर मोकळा आहे, तर तिथेच खेळावे, अ‍ॅपसाठी एवढा आटापिटा कशासाठी?

उत्तर : ब्राउझर वाटतो तितका मोकळा नाही. आयफोनवर क्रोम घ्या वा फायरफॉक्स, आतले इंजिन, म्हणजे पाने उलगडून दाखवणारा मूळ प्रोग्राम, अ‍ॅपलचे वेबकिटच असावे, असा नियम राहिला आहे. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून तो शिथिल झाला. म्हणजे वेबच्या वाटेवरही कोणती सोय केव्हा मिळेल, हे तीच कंपनी ठरवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर युरोपीय संघात होम स्क्रीनवरची वेब अ‍ॅप्स साधी बुकमार्क म्हणून उघडतील, असे तिने जाहीर केले होते. ओरड झाल्यावर १ मार्चला तो बेत मागे घेतला गेला. ज्या आडवाटेने सगळे गेमर आले, ती आडवाटही नाकेदाराच्याच जमिनीतून जाते, हे त्या दोन आठवड्यांत स्पष्ट झाले.

प्रश्न : अँड्रॉइडवर असली कटकट नाही ना?

उत्तर : कमी आहे, नाहीच असे म्हणता येणार नाही. तिथे प्ले स्टोअरला वळसा घालून अ‍ॅप बसवता येते आणि दुसरी स्टोअर्सही असतात. म्हणूनच २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने सॅमसंगच्या गॅलेक्सी स्टोअरमधल्या आपल्या अ‍ॅपमध्ये खरेदीची सोय ठेवली, जी प्ले स्टोअरमधल्या अ‍ॅपमध्ये नव्हती. एकच अ‍ॅप, एकच फोन, दोन दुकाने आणि दोन वेगळे व्यवहार! डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने एपिकच्याच खटल्यात गूगलविरुद्ध कौल दिला. दारे अधिक असली तरी बहुसंख्य लोक एकाच दाराने ये-जा करतात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

प्रश्न : अशा सेवेची वर्गणी अ‍ॅपमधून भरावी की वेबसाइटवरून?

उत्तर : आधी दोन्ही ठिकाणची किंमत पाहावी. कमिशनचा भार काही कंपन्या सरळ ग्राहकावर टाकतात; यूट्यूबची वर्गणी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा वेबवर ती ९.९९ डॉलर होती आणि आयफोनच्या अ‍ॅपमधून १२.९९ डॉलर. अ‍ॅपमधून भरण्याचा फायदा असा की सगळ्या वर्गण्या फोनच्या सेटिंग्जमध्ये एकाच यादीत दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. अ‍ॅप नुसते काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही, ही चूक पुष्कळांकडून होते. वेबसाइटवरून भरल्यास रद्द करण्यासाठी पुन्हा त्याच वेबसाइटवर जावे लागते, म्हणून ज्या ईमेलने खाते उघडले तो लिहून ठेवावा.

एकेक गेम विकत घ्यायला लावणाऱ्या सेवेबाबत अधिक सावध राहावे. स्टेडिया १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली तेव्हा गूगलने स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या गेम्सचे पैसे परत केले. तसे करणे प्रत्येक कंपनीला परवडेल असे नाही. आणि वार्षिक वर्गणी भरण्याआधी एक महिना प्रत्यक्ष खेळून पाहावे, कारण सेकंदाला १५ मेगाबिट या वेगाने तासाभरात पावणेसात गिगाबाइट डेटा खर्च होतो, आणि आपल्या नेटवर्कला तो वेग सलग टिकवता येतो की नाही, हे खेळल्याशिवाय समजत नाही.