पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क असे तिन्ही विषय अभ्यासक्रमात असले तरी आधी बातमीवर हात बसव. बाकीचं लेखन त्यातूनच सुधारतं.

रोज एक बातमी 150 शब्दांत लिही. पहिलं वाक्य 25 शब्दांच्या आत, आणि त्यात काय घडलं ते आधी. नवख्यांची बातमी दीपप्रज्वलनापासून सुरू होते आणि पाणीपट्टी वाढल्याचं चौथ्या परिच्छेदात सापडतं. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणजे नेमकी बातमीच जाते.

प्रसिद्धिपत्रकालाही हाच नियम. एक पान, तारीख, संपर्काचं नाव आणि फोन. मजकूर युनिकोडमध्ये थेट ईमेलात टाक. पीडीएफमधून कॉपी करताना जोडाक्षरं फुटतात आणि वैतागलेला उपसंपादक पत्रक बाजूला ठेवतो. फोटोतली नावं डावीकडून क्रमाने. विशेषणं गाळ.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र पहिल्याच सत्रात करून बघ, इतकं शिकवणारं दुसरं काही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांची मर्यादा, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'रस्ता खराब का झाला?' असं विचारलंस तर हाती काही लागणार नाही. 'अमुक रस्त्याच्या कार्यारंभ आदेशाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या' असं माग. पहिला म्हणजे काम सुरू करायचा आदेश, दुसरी म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही. मागायच्या त्या नोंदी, खुलासे नाहीत. मुदतीत उत्तर आलं नाही, तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील कर.

जाहिरातीची ओळ मराठीतच सुचू दे. हिंदीवरून उतरवलेली ओळ मोठ्याने वाचली की लगेच खटकते.