तुम्ही विचारलंत : तिमोरचा तुटलेला तुकडा

प्रश्न : तिमोर बेटाचा पूर्वार्ध पूर्व तिमोर या देशाचा, पश्चिमार्ध इंडोनेशियाचा. मग पश्चिमार्धाच्या उत्तर किनाऱ्यावर ओएकुसी हा पूर्व तिमोरचा तुकडा कसा राहिला? – एक वाचक, सांगली

उत्तर : पोर्तुगिजांचं तिमोरमधलं मुख्य ठाणं आधी तिथेच होतं, म्हणून. ओएकुसीतल्या लिफाऊला १७०२ पासून गोव्याच्या व्हाइसरॉयने नेमलेला गव्हर्नर बसे. पण चंदनाचा व्यापार आणि खरी सत्ता होती टोपासांकडे, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक बेटकरी यांच्या मिश्र वंशाच्या लोकांकडे. त्यांच्या वेढ्याला कंटाळून गव्हर्नरने १७६९ मध्ये ठाणं पूर्वेला दिली या आजच्या राजधानीच्या शहरी हलवलं. डच १६५३ पासून पश्चिमेला कुपांगच्या किल्ल्यात होतेच.

नकाशा वाचताना चूक होते ती इथे. आपण सीमारेषेत डोंगर किंवा नदी शोधतो. तिमोरची वाटणी मात्र मुळात कोणता स्थानिक राजा कोणाचं निशाण लावतो यावर झाली. त्यामुळे डच मुलखात पोर्तुगीज नोइमुती आणि पोर्तुगीज मुलखात डच माउकातार असे परक्या मुलखाने वेढलेले तुकडे पडले. १८५९ च्या लिस्बन कराराने ती तशीच ठेवली. १९०४ च्या कराराने त्यांची अदलाबदल झाली. नोइमुती चारही बाजूंनी डच मुलखाने वेढलेलं होतं. ओएकुसीला स्वतःचा किनारा होता आणि ते पोर्तुगिजांकडेच राहिलं.

त्याची पूर्वेकडची सीमा तरी सरळ ठरावी! करारात नद्यांच्या आधारे रेषा आखली होती, प्रत्यक्ष मोजणीला गेल्यावर तिच्या अर्थावरूनच दोन्ही बाजूंत वाद झाला. शेवटी स्वित्झर्लंडचे शार्ल लार्दी यांनी लवाद म्हणून २५ जून १९१४ रोजी डचांच्या बाजूने निकाल दिला. सुमारे ८०० चौरस किलोमीटरच्या ओएकुसीला आजही तीन बाजूंनी इंडोनेशिया आहे. दिलीहून जमिनीने जायचं तर इंडोनेशियातून दोनदा सीमा ओलांडावी लागते.

प्रश्न : तिमोरचा कारभार खरंच गोव्यातून चाले का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : हो, १८४४ पर्यंत, त्या वर्षी तो चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव या पोर्तुगीज वसाहतीकडे गेला. गोव्याचा आणखी एक धागा आहे. १८४० ते १८४२ गोव्यात कारभार पाहिलेले लोपिश द लिमा १८५१ मध्ये तिमोरचे गव्हर्नर झाले. तिजोरी रिकामी होती. त्यांनी लिस्बनला न विचारता फ्लोरेस बेटाच्या पूर्व भागासह आसपासच्या बेटांवरचे हक्क दोन लाख फ्लोरिनला (डच चलन) डचांना देऊ केले. त्यांना परत बोलावलं गेलं आणि वाटेत बटाव्हियाला (आजचं जकार्ता) त्यांचा मृत्यू झाला. व्यवहार मात्र १८५९ च्या करारात बव्हंशी कायम राहिला. एका रिकाम्या तिजोरीने आजची सीमा किती घडवली, हे आमच्या मते अभ्यासक्रमात यायला हवं.

प्रश्न : इंडोनेशियाने बेटाची फाळणी केली ना? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही. फाळणी वसाहतींची. डचांचा भाग इंडोनेशियात गेला, पूर्व भाग १९७५ पर्यंत पोर्तुगीज होता. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाने तो बळकावला. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली आणि २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला. उत्तरात ‘१९९९ ला स्वातंत्र्य’ लिहू नका. ते सार्वमताचं वर्ष.

प्रश्न : तिमोर ज्वालामुखीचं बेट आहे का? – तीच विद्यार्थिनी

उत्तर : शेजारची बरीच बेटं आहेत, तिमोर नाही. ऑस्ट्रेलियाच्या भूखंडाची कड बांदा बेटकमानीवर, म्हणजे कमानीसारख्या वळलेल्या बेटांच्या रांगेवर, आदळून तो भाग वर उचलला गेला. म्हणून समुद्रापासून उंचावर प्रवाळाचा चुनखडक सापडतो.