हिडकलच्या फुगवट्यावर काईटबोर्डिंग: कोणत्या वाऱ्याला कोणता काठ

आपण गोव्यात मोरजीला काईटबोर्डिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर पायातल्या बोर्डाने पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळाचे, प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे, राहायला निपाणीला आहात आणि पावसाळ्यात समुद्र बंद असताना बेळगाव जिल्ह्यातील हिडकल (घटप्रभेवरचे धरण) किंवा नवलतीर्थ (मलप्रभेवरचे धरण) येथे सराव करता येईल का, असा आपला प्रश्न आहे. तलावाला सगळीकडून जमीनच असल्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असला तरी माणूस कुठेतरी काठाला लागतोच, असेही आपण लिहिले आहे. काठाला लागतो हे खरे. पण कोणत्या काठाला आणि किती वेगाने लागतो, यावरच सगळे अवलंबून आहे. म्हणून तलाव ठरवण्याआधी त्या दिवशीच्या वाऱ्याला कोणता काठ चालेल, ते ठरवावे.

आपल्या भागातील वाऱ्याचा हिशेब तसा सरळ आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम आणि नैऋत्य यांच्या दरम्यानच्या दिशेने येतो आणि ऐन पावसाळ्यात कित्येक दिवस तो पडतच नाही. हिवाळ्यात तो पूर्व किंवा ईशान्येकडून येतो आणि बहुधा मंद असतो. मार्चपासून मेपर्यंत दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो. बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, तीही याच वाऱ्यांशी जुळणारी आहे. (वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या ॲपवरचा बाण बहुतेक ठिकाणी वारा कुठे चालला आहे ते दाखवतो, तर शेजारी लिहिलेली दिशा तो कुठून येतो ती असते. नवख्या मंडळींचा येथे हमखास गोंधळ होतो.)

आता हा वारा नकाशावर ठेवून पाहावा. घटप्रभा सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे हिडकल धरणाची भिंत पूर्वेला आहे आणि ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या या जलाशयाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेले पाणी, भिंतीपासून पश्चिमेकडे पसरलेला आहे. म्हणजे वर्षातला सर्वांत भरवशाचा वारा जेव्हा असतो, त्याच काळात तो पाण्यावरच्या प्रत्येक वस्तूला भिंतीकडे ढकलत असतो. भिंतीला पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगड) असते, पुढे सांडव्याचे दरवाजे असतात, आणि धरण भरत आले की ते दरवाजे उघडले जातात. दोरी तुटली, पतंग पाण्यात पडून पुन्हा उठला नाही किंवा नुसता पायातला बोर्ड सुटून दूर गेला, तरी वाहत जाण्याची दिशा ती एकच. भिंत डोळ्यांना दिसते आहे, पण मध्ये जमिनीचे एकही टोक आडवे येत नाही, अशा ठिकाणी पश्चिमेच्या वाऱ्यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उतरण्याची जागा भिंतीपासून दूर, फुगवट्याच्या मधल्या भागात आणि उत्तरेच्या काठावर शोधावी. दोन्ही काठ पूर्व-पश्चिम धावत असल्यामुळे पश्चिमेचा वारा दोन्हींना समांतरच लागतो, मग उत्तरेचाच काठ का, असे कोणी विचारील. वारा क्वचितच नेमका पश्चिमेचा असतो. त्यात दक्षिणेचा थोडा अंश असतोच. तो अंश उत्तरेच्या काठावरच्या माणसाला हळूहळू काठाकडे आणतो आणि दक्षिणेच्या काठावरच्या माणसाला हळूहळू खोल पाण्यात नेतो. काठाला समांतर आणि किंचित काठाकडे झुकलेला वारा हा शिकाऊ माणसासाठी सर्वांत चांगला. हिवाळ्यात ईशान्येचा वारा असला की हाच हिशेब उलटतो आणि दक्षिणेचा काठ बरा ठरतो. थेट काठावर आदळणारा वारा दिसायला निर्धोक वाटतो, परंतु त्यात पतंग उचलताना माणूस जमिनीवरच्या कुंपणाकडे, दगडांकडे खेचला जातो आणि पाण्यात शिरायलाच जमत नाही. याशिवाय आपल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने अर्ध्या-एक किलोमीटरवर जमिनीचे एखादे उतरते, मोकळे टोक पाण्यात शिरलेले असावे. आपण वाहत गेलात तर तेथे लागायचे आहे, म्हणून पतंगाला हवा भरण्याआधी त्या टोकापर्यंत चालत जाऊन यावे.

वारा कोणत्या काठावरून पाण्यात उतरतो, तिकडेही तितकेच लक्ष द्यावे. पश्चिमेच्या वाऱ्यात पश्चिमेच्या काठाजवळ उभे राहून पाहिले, तर काठालगत एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसतो. त्यापुढे कुठे कुठे गडद डाग उमटतात आणि विरतात. आणि बऱ्याच अंतरावर एकसारख्या लाटा सुरू होतात. तो गुळगुळीत पट्टा म्हणजे शांत हवा नव्हे. झाडांवरून आलेला वारा तेथे वरच्या थरात चालू असतो आणि खाली गोते खात असतो. आपल्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब असल्यामुळे पतंग त्या खळबळीत आणि आपण खालच्या निवांत हवेत, अशी विचित्र अवस्था होते. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट, आणि शक्य असल्यास वीसपट अंतर सोडावे, असा ढोबळ नियम आहे. बांधावरचा तीन मीटर उंच ऊस फारसा त्रास देत नाही, पण वीस मीटर उंच निलगिरीची रांग असेल तर दोनशे ते चारशे मीटर पाणी बाद समजावे. हेच भिंतीलाही लागू आहे. भरलेल्या धरणात ती पाण्यावर थोडीच दिसते, पण हिवाळा सरताना पातळी उतरली की पूर्वेच्या वाऱ्यात तिच्यामागचा पट्टा बराच लांबतो.

पातळीचा मुद्दा निघालाच आहे, तर जूनबद्दल सांगतो, कारण आपण जूनचेच नाव घेतले आहे. जूनच्या सुरुवातीला वारा भरपूर असतो आणि पाणी तळाला गेलेले असते. हिडकलच्या बुडीत क्षेत्रातले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर ज्या पाण्यातून उघडे पडते, त्याच पाण्यात जुने बांध, झाडांचे खुंट आणि विहिरींचे कठडेही असणार, हे ध्यानात घ्यावे. उघड्या पडलेल्या गाळावर वरून भेगा दिसतात आणि खाली गुडघाभर चिखल असतो. अशा जागी ओढत्या पतंगासह उभे राहणे कठीण. उलट ऑगस्टमध्ये पाणी वर चढते, बाभळींचे नुसते शेंडे बाहेर राहतात आणि काठ शेतकऱ्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारींजवळ येतो. मोटार आली की पाईप आले आणि विजेच्या तारा आल्या. पतंग उचलण्याच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने निदान शंभर मीटरपर्यंत एकही तार, खांब किंवा झाड नको. तारेच्या बाबतीत मी कसलीही सवलत देत नाही. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते डबे ओळीने दिसत असतील तर ती बाजूही सोडावी. जाळे लावणाऱ्यांना आधी भेटून विचारले, तर खुंट कुठे आहेत हेही तेच सांगतात.

वेगाविषयी थोडक्यात. पतंगाची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा २५ नॉट झाला की ओढ जवळजवळ पावणेतीन पट होते. तलावावर सरासरीपेक्षा झोतच घात करतात. ॲपवर झोताचा आकडा सरासरीच्या दीडपटीपुढे असेल, तर शिकाऊ माणसाने त्या दिवशी काठावरच बसावे. एप्रिल-मे महिन्यांत पूर्वेला किंवा आग्नेयेला ढग काळवंडून दुपारचा पश्चिमेचा वारा अचानक पडला, तर वळीव येतो आहे असे समजून पतंग ताबडतोब खाली घ्यावा, कारण त्यानंतरचा झोत उलट्या दिशेने येतो आणि आपण निवडलेला चांगला काठ क्षणात वाईट होतो.

नवलतीर्थबद्दल: तेथे भिंत डोंगराच्या खिंडीत आहे, त्यामुळे तिच्या आसपासचा वारा कधी दाबून, कधी वळून येतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या जोरात फिरताना पाहून खालच्या पाण्याचा अंदाज बांधू नये. खिंडीपासून लांबचे सपाट, मोकळे काठ बरे, मात्र काळ्या मातीचा चिखल तेथे अधिक त्रास देतो. राकसकोप बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे आणि भोवती टेकड्या आहेत, तो यादीतून काढावा. सुपा धरण जंगलाच्या दरीत आहे; उतरायला मोकळा काठच मिळत नाही.

हिडकलला जाण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या तेथील कार्यालयात लेखी परवानगी मागावी आणि त्याच वेळी दरवाजे उघडण्याचे वेळापत्रक विचारून घ्यावे. परवानगी मिळाली तरी लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि काठावर एक जाणता सोबती यांच्याशिवाय पाण्यात जाऊ नये. सोबत्याला आपला पतंग धरून उतरवता आला पाहिजे, आणि वाऱ्याखालच्या त्या टोकावर गाडी कोणत्या वाटेने नेता येते, हे त्याला आधीच दाखवून ठेवावे.