हॅन्सम कॅबला टांगा म्हणावं का?

'द मिस्ट्री ऑफ अ हॅन्सम कॅब' या ऑस्ट्रेलियन टेलिफिल्मवर मराठीत लिहिताना 'हॅन्सम कॅब' या जुन्या भाड्याच्या घोडागाडीसाठी 'टांगा' चालेल का, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत, चालणार नाही. इथे गाडी बदलली की खूनच घडत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने २०१२ साली दाखवलेली ही टेलिफिल्म फर्गस ह्यूमच्या १८८६च्या कादंबरीवर बेतलेली आहे. मेलबर्नमधली उत्तररात्र. कॉलिन्स स्ट्रीटवर झिंगलेल्या एका माणसाला दुसरा एक जण भाड्याच्या गाडीत बसवतो आणि सेंट किल्डा या उपनगराच्या वाटेवर स्वतः मध्येच उतरतो. आत राहिलेला उतारू पुढे मेलेला सापडतो, तोंडावर क्लोरोफॉर्मचा रुमाल. गाडीवानाला याचा पत्ताच नसतो!

का नसतो, ते गाडीच्या बांधणीत आहे. हॅन्सम दोनचाकी. उतारू दोघंच मावतात, तोंड घोड्याकडे. गाडीवान त्यांच्या मागे, छपराच्याही वर उंच बैठकीवर. लगाम छपरावरून पुढे गेलेले. बोलायचं तर छपरातल्या लहानशा झडपेतून, भाडंही तिथूनच वर द्यायचं. झडप मिटली की आतलं काही दिसत नाही. आपल्या टांग्यात टांगेवाला पुढे, मागचे उतारू त्याच्या पाठीला पाठ लावून. तिथे जरा झटापट झाली तरी पहिला हिसका टांगेवाल्यालाच बसेल. मुंबईची व्हिक्टोरिया चारचाकी, गाडीवान पुढे, म्हणून तीही बाद. 'बग्गी' म्हटलं की डोळ्यांपुढे वरात येते.

तेव्हा 'हॅन्सम कॅब' तसंच ठेवा. पहिल्या उल्लेखाला 'गाडीवान मागे उंचावर बसतो ती दोनचाकी घोडागाडी' एवढं जोडा, पुढे 'घोडागाडी' किंवा 'हॅन्सम' पुरे. नुसतं 'कॅब' मात्र टाळा, वाचकाला ॲपवरून बोलावलेली मोटार दिसेल. शब्द तोच आहे, 'कॅब्रिओले' या हलक्या घोडागाडीच्या नावावरून आखडलेला.

'हॅन्सम'चा देखणेपणाशी काहीही संबंध नाही. जोसेफ हॅन्सम या इंग्लिश वास्तुविशारदाने १८३४ साली या गाडीचं पेटंट घेतलं, त्याचं हे आडनाव. म्हणून 'हॅण्डसम' असं लिहू नका आणि 'देखण्या गाडीचं रहस्य' असं तर मुळीच नको.

जाता जाता: ऑस्ट्रेलियात अशा चित्रपटाला 'टेलिमूव्ही' म्हणतात. आपल्याकडे 'टेलिफिल्म' चांगला रुळलाय, तोच वापरा.